फी माफ, मेस नाही

(भोपाळमध्ये पहिल्या वर्षाला आलेल्या मराठी मुलामुलींसमोर केलेलं भाषण)



पांढुर्णा, मुलताई, बऱ्हाणपूर, तुम्ही कुठूनही आला असाल, घरून निघताना एक वाक्य ऐकलंच असेल: "सरकारची योजना हाये, पैसा नाही लागत." अर्धं खरं आहे. मध्य प्रदेशची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना २०१७ पासून पात्र मुलांची फी भरते. पण त्याच नियमात मेसचं शुल्क आणि कॉशन मनी वगळलेलं आहे. जेवण ज्याचं त्यानं पाहावं.

हा जेवणाचा हिशोब जुलैत सुरू होतो. आमच्या पांढुर्ण्यात आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास विकली जातात. जून-जुलैत घरात पैसा येत नाही, उलट बी-खताला जातो. शिष्यवृत्ती खात्यात पडते ती त्याहून उशिरा. मधले महिने मी दोन ट्यूशन घेऊन काढले. महिन्याला चार हजार मिळायचे, त्यातले अडीच खोलीला. उरलेल्या दीड हजारात दोन वेळचा डबा बसत नाही, मग एकच वेळचा लावला. सरकारी कॉलेजात फी कमी खरी, पण जनभागीदारी शुल्काची पावती वेगळी.

अनुसूचित जाती-जमातीच्या ज्यांना वसतिगृह मिळालं नाही, त्यांनी आवास सहायतेचा अर्ज करा, भोपाळसाठी महिना २००० रुपये आहेत. गावातून बारावी प्रथम श्रेणीत झालेल्या मुलींना 'गाँव की बेटी'चे महिना ५००, वर्षात दहा महिने. कमी आहेत, तरी सोडू नका.

आता आपल्या सीमेचं. मराठीतून शिकायचं म्हणून आपल्याकडची काही पोरं अकरावीला पलीकडे नरखेड-वरुडला जातात. पण मेधावी योजनेला बारावीत मध्य प्रदेश मंडळाचे ७० टक्के लागतात, नाहीतर सीबीएसई-आयसीएसईचे ८५. महाराष्ट्र बोर्ड त्यात बसत नाही. महाराष्ट्राची शिष्यवृत्ती मागावी तर तिथला अधिवास दाखला हवा. बेळगावकडच्या ८६५ गावांतल्या मुलांना महाराष्ट्रात प्रवेशाची खास सवलत आहे, आपली गावं त्या यादीत नाहीत. माझी मामेबहीण वरुडहून ८८ टक्के घेऊन आली आणि दोन्हीकडून बाहेर पडली. मामा आता व्याजाने पैसे काढून तिची फी भरतो.

मराठीतून शिकली, एवढंच तिनं केलं. म्हणून निवेदनात आपण एकच मागतोय: मूल निवासी मध्य प्रदेशचा असेल, तर शेजारच्या राज्याच्या बोर्डाचे गुणही धरा. सह्यांचा कागद दाराजवळच्या टेबलावर आहे. आणि घरी दहावीत भाऊ-बहीण असेल, तर ही बोर्डाची अट आज रात्रीच फोनवर सांगा.