नकाशा काढण्याआधी

बारामती आणि इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेतले. पाऊस बेताचा, ऊन कडक. म्हणून इथल्या गावठाणांत माळवदाची घरं असायची. मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा थर. दुपारी आत गारवा, उन्हाळ्यात रात्री झोपायला माळवद. आता सगळीकडे स्लॅब आला. त्याला हरकत नाही, पण शहरातल्या बंगल्याचा नकाशा जसाच्या तसा शेतात आणणं मला पटत नाही.

वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाला काय लागतं? चिखलाचे पाय धुवायला जागा, धान्याची खोली, चार माणसं टेकतील अशी पडवी. गोठा घरापासून थोडा लांब, पण रात्री नजरेच्या टप्प्यात. म्हाताऱ्या आईवडिलांची खोली खालीच हवी, संडास-बाथरूमला लागून. एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या जोडप्याला एवढा पसारा झेपणार नाही. त्यांना कामाजवळचा लहान फ्लॅट बरा.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात काळी जमीन असेल, तर जास्त सावध राहा. ही माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते आणि भिंतींना तडे जातात. पाया मुरमापर्यंत न्या, जोत्याला बीम द्या. पश्चिमेकडे खिडक्या कमी ठेवा, स्लॅबला वरून पांढरा रंग द्या. आणि नकाशा काढायला जाण्याआधी, स्वयंपाकघरात जिचा दिवस जातो, तिला काय हवंय ते आवर्जून विचारा.