आधी हात तर लावू द्या!

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करूया. आजचा विषय: मुली आणि मशीन.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवते. ॲडमिशनच्या वेळी पालक एक प्रश्न हमखास विचारतात, "मॅडम, हिला हे जमेल का?" मुलांच्या बाबतीत हा प्रश्न सहसा येत नाही. का? कारण मुलाने सायकलची चेन बसवलेली असते, फ्यूजची तार बदललेली असते, गॅरेजमध्ये पाना धरून उभा राहिलेला असतो. त्याला कुणी 'कामाचा अनुभव' म्हणत नाही, पण अनुभवच की तो! मुलीला तो मिळतच नाही, आणि मग आपण म्हणतो, तिला आवडच नाही.

जर्मनीत २००१ पासून दरवर्षी 'गर्ल्स डे' असतो. त्या दिवशी शाळेतल्या मुली कारखान्यात, प्रयोगशाळेत जाऊन काम बघतात, करून पाहतात. आपल्याकडे काय आहे? ॲप्रेंटिसशिप! १९६१ चा कायदा आहे, काम शिकता शिकता स्टायपेंडही मिळतो.

पण नुसतं गेटच्या आत जाऊन भागत नाही. माझी एक विद्यार्थिनी एका कारखान्यात लागली. बरोबरची मुलं मेंटेनन्सला, आणि ही रजिस्टर लिहायला! साहेब म्हणाले, "मुलगी आहे, कशाला ग्रीसमध्ये हात?" आम्ही दोघी जाऊन बोललो, तेव्हा कुठे तिला मेंटेनन्स मिळालं. तिथे एक थ्री-फेज मोटर उलटी फिरत होती. हिने मेन बंद केला, सप्लाय नाही ना ते तपासलं, दोन फेज आपसात बदलले. मोटर सुलटी! रजिस्टर लिहून हे कधी कळलं असतं?

सुरेखा यादव यांचं नाव ऐकलंय? साताऱ्याच्या. कराडच्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकल डिप्लोमा केला. रेल्वेत आधी असिस्टंट ड्रायव्हर, मग मालगाडी, मग २०११ मध्ये डेक्कन क्वीन आणि २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत! आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांना ओळखतात. पण वंदे भारतपर्यंत त्या एका उडीत पोचल्या नाहीत. एकेका पायरीवर काम हातात आलं, म्हणून पुढची पायरी दिसली.

तर मैत्रिणींनो, कुठेही ट्रेनिंगला जाण्याआधी चार गोष्टी विचारा. मला रोज कुठलं काम देणार? शिकवणार कोण? लेडीज टॉयलेट आणि माझ्या मापाचे सेफ्टी शूज आहेत का? शिफ्ट सुटल्यावर बस किती वाजता? हे विचारण्यात लाजायचं काही नाही. बऱ्याच मुली काम अवघड म्हणून सोडत नाहीत, रात्री घरी जायची सोय नाही म्हणून सोडतात.

आणि मित्रांनो, तुम्हालाही काम आहे. तुमचं गॅरेज, वर्कशॉप, मोबाईल रिपेअरचं दुकान असेल, तर या सुट्टीत बहिणीला, शेजारच्या मुलीला आठवडाभर बोलवा. चहा सांगायला नाही हं! स्क्रू तिला खोलू द्या. चुकली तर चुकू द्या, तुम्हीही चुकतच शिकलात ना?

आठवड्यानंतर ती म्हणाली "नाही आवडलं", तरी हरकत नाही. निदान तो निर्णय तिचा असेल.

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि काम करण्याआधी मेन बंद करा!