न्यूमोनियाचा रोगी : घरी ठेवावा की दवाखान्यात न्यावा?



दिवाळी उलटली की आपल्या दर्यापूर तालुक्यात कापसाची वेचणी भरात येते. दिवसा उन्हाचा चटका आणि पहाटे अंगावर काटा आणणारी थंडी, असे हे दिवस. चंद्रभागेच्या काठच्या गावांतून हिंडताना या दिवसांत घराघरांतून खोकल्याचा आवाज कानी येतो. बहुतेक खोकले आठ-पंधरा दिवसांत आपोआप जातात. काही थोड्यांचा मात्र न्यूमोनिया होतो. अशा रोग्याला घरी ठेवावे की दवाखान्यात न्यावे, हे कसे ठरवायचे, याविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे. बोलणे मोठ्या माणसांपुरतेच आहे. लहान मुलांचे गणित वेगळे असते.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांमागे खारपाणपट्ट्यातल्या एका गावी मला बोलावणे आले. घरात दोघे आजारी होते, पंचविशीचा नातू आणि त्याची आजी. नातवाच्या अंगात १०३ ताप. थंडीने अंग उडत होते आणि बरगडीत कळ आली की तो ओरडत होता. सारे घर त्याच्याभोवती गोळा झालेले. अमरावतीला नेण्यासाठी दाराशी जीपही येऊन उभी. आजी मात्र आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. मी तिची चौकशी केली, तेव्हा सून म्हणाली, "बुढीले काही नाही जी डाक्तरसाहेब. ताप नाही, खोकलाही लय नाही. कालपासून निवांत पडून हाये. जराशी बरळते, पण आता वय झालं."

मी घड्याळ काढले. नातवाचे श्वास भरले मिनिटाला २२. तो आपले नाव-गाव नीट सांगत होता, पाणी मागून पीत होता. मग आत जाऊन आजीचे श्वास मोजले. ते होते ३६. मला आपला वारलेला भाऊ समजून ती म्हणाली, "कधी आला रे दादा?" तिचे हातपाय गार होते, सकाळपासून लघवी झाली नव्हती आणि रक्तदाबाचा वरचा आकडा ८४ होता.

दोघांनाही न्यूमोनियाच होता. पण जीप ज्याच्यासाठी आली होती, तो तपासणी करून, गोळ्या घेऊन घरीच बरा होण्यासारखा होता. आणि जिला कोणी विचारत नव्हते, तिच्यापाशी काही तासच उरले होते. जीपमध्ये आजीला निजवले. दहा दिवसांनी ती घरी परत आली.

श्रोतेहो, डोळ्यांना आणि कानांना जो आजार मोठा वाटतो तो मोठा असतोच असे नाही. हे का घडते ते समजून घेऊ. आपले फुफ्फुस म्हणजे पिंजलेल्या कापसासारखे हलके आणि हवेने भरलेले. त्यात हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या असतात. न्यूमोनियात या पिशव्यांत हवेऐवजी पाणी आणि पू साचतो. अवकाळी पावसात भिजलेले बोंड हाती घेऊन पाहा, म्हणजे कल्पना येईल. तेवढ्या भागातून रक्ताला प्राणवायू मिळत नाही. उरलेल्या भागावर काम भागवायचे म्हणून शरीर श्वासाचा वेग वाढवते. म्हणून श्वासांची संख्या ही आजाराची खरी मोजपट्टी. ताप हा तर शरीराच्या झुंजीचा भाग आहे. तरुण शरीर जोराने झुंजते, म्हणून ताप चढतो. म्हाताऱ्या शरीरात तेवढी ताकद नसते, म्हणून ताप येतच नाही, किंवा उलट अंग गार पडते. म्हातारी माणसे मुकाट्याने हातची जातात ती यामुळे.

आता चार खुणा सांगतो. शिक्षक मित्रांनी त्या कागदावर उतरून घ्याव्यात. इंग्लंड, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधील हजारावर रोग्यांच्या नोंदी तपासून डॉक्टरांनी २००३ साली हा हिशेब प्रसिद्ध केला. दवाखान्यात याच्या जोडीला रक्तातील युरियाही पाहतात. गावात रक्त तपासायची सोय नसली तरी या चार खुणांवर बरेच कळते.

पहिली खूण बुद्धीची. रोगी नवाच गोंधळला आहे काय? आज वार कोणता, आपण कुठे आहोत, समोर कोण आहे, हे त्याला सांगता येते का? कालपर्यंत नीट बोलणारे माणूस आज बरळू लागले, तर ते वयामुळे नव्हे. वय एका रात्रीत होत नाही.

दुसरी खूण श्वासाची. मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे धोका. निरोगी मोठ्या माणसाचे स्वस्थ बसले असता साधारण १२ ते २० असतात.

तिसरी खूण रक्तदाबाची. वरचा आकडा ९० च्या खाली, किंवा खालचा ६० अथवा त्याहून कमी. हा उपकेंद्रातील नर्सबाईंकडून मोजून घ्यावा. ते तिथल्या तिथे होत नसेल, तर हातपाय गार पडणे, उठून बसताच घेरी येणे आणि लघवी कमी होणे याकडे लक्ष ठेवावे.

चौथी खूण वयाची. पासष्ट किंवा त्याहून अधिक. आपल्याकडे पुष्कळांना जन्मसाल ठाऊक नसते. त्यांना १९७२ चा दुष्काळ आठवतो का, ते विचारा. त्या वर्षी जे बारा-तेरा वर्षांचे होते त्यांनी आज पासष्टी गाठली आहे.

प्रत्येक खुणेला एक गुण द्या. एकही गुण नसेल तर, डॉक्टरांनी तपासून औषध दिल्यावर, रोगी बहुधा घरी राहू शकतो. पण दोन दिवसांत उतार पडला नाही, तर त्याला पुन्हा दाखवलेच पाहिजे. एक किंवा दोन गुण असतील तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे; भरती करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. तीन किंवा चार गुण म्हणजे सकाळची वाट पाहू नये. रात्री दोन वाजता असले तरी १०८ क्रमांक फिरवावा.

आता श्वास मोजावा कसा? काम साधे आहे, पण घाईचे नाही. रोगी नुकताच चालून आला असेल, तर त्याला दहा मिनिटे पडू द्या. "तुझा श्वास मोजतो" असे मात्र सांगू नका. सांगितले की माणूस श्वास आवरतो किंवा ओढून घेतो. नाडी पाहिल्यासारखे मनगट धरा आणि नजर पोटाकडे ठेवा. पोट वर येऊन खाली गेले की एक. मोजायचे ते पुरे एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये. एका श्वासाची चूक चारांची होते. सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून ठेवावा. काल २२, आज २६, संध्याकाळी २९, असा कागद हाती आला, तर डॉक्टरला अर्धी गोष्ट न बोलता कळते.

"हे आमच्यासारख्यांचे काम आहे काय?" असे कोणी विचारील. आहे. आपल्या विदर्भातच गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या साध्या माणसांना बालकांचे श्वास मोजायला शिकवले. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचे साधन केले. अशा माणसांनी न्यूमोनिया ओळखून वेळीच औषध दिले आणि बालमृत्यू घटले. ही हकिगत १९९० साली जगापुढे आली. मग ज्या शाळेच्या भिंतीवर घड्याळ आहे तिथल्या गुरुजींना आणि बाईंना हे अवघड का वाटावे? वरच्या वर्गातील मुलांना शरीरशास्त्राचा धडा शिकवताना एकमेकांचे श्वास मोजायला लावा. ज्या घरात मोजणारे मूल असेल त्या घरातली आजी दुर्लक्षित राहणार नाही.

बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र करोनाच्या साथीत आशाताईंनी घरोघर नेले. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीला पुन्हा टाळेबंदी लागली, त्या दिवसांत आपण पाहिले की धाप न लागताही काहींचा प्राणवायू उतरत असे. यंत्र असेल तर जरूर वापरा. आकडा ९४ च्या खाली गेला तर दवाखाना, आणि ९० च्या खाली गेला तर क्षणाचाही विलंब नको. बोट गार असले किंवा नखाला रंग असला, तर आकडा फसवतो, हेही ध्यानात असू द्या.

एक सावधगिरीची सूचना. गुण कमी आले म्हणून निर्धास्त होऊ नये. गर्भवती स्त्री, मधुमेहाचा किंवा मूत्रपिंडाचा रोगी, जुन्या दम्याचा माणूस, गोळी उलटून पडते असा, ओठ निळसर झालेला, किंवा घरी एकटाच राहणारा, यांना शून्य गुण असले तरी डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावे. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर क्षयासाठी थुंकी तपासून घ्यावी. आणि फडताळातल्या उरलेल्या गोळ्या किंवा "एक सलाईन लावून द्या" हा उपाय नव्हे.

१९१८ च्या मानमोडीत वऱ्हाडात माणसे पटापट गेली, त्यांतली पुष्कळ न्यूमोनियाने. तेव्हा त्यावर औषध नव्हते. पुढे पेनिसिलीन आले. १९५५ पासून तर ते आपल्या पिंपरीच्या कारखान्यात तयार होऊ लागले. आज औषध आहे, तरी माणूस जातो, तो पुष्कळदा उशिराने. "वेचणी उरकू दे, बाजार होऊ दे, मग पाहू," यात दोन दिवस जातात, आणि तेच दोन दिवस मोलाचे असतात.

हे मी अधिकाराने बोलत नाही, पश्चात्तापाने बोलतो. उमेदवारीच्या काळात मी एका म्हाताऱ्याला ताप नाही असे पाहून, "सकाळी घेऊन या," म्हणून सांगितले. सकाळी त्याचा मुलगा एकटाच आला. त्या रात्री मी एक मिनिट घड्याळ धरले असते, तर? तेव्हापासून रोग्याजवळ बसलो की आधी घड्याळ काढतो. आपणही काढावे, एवढेच सांगण्यासाठी आज आलो.