एक वही, अनेक हात



कागदाच्या वहीत दोघे एकाच वेळी लिहू लागले, तर कोपराला कोपर लागते आणि पुढचा अनर्थ तेथेच टळतो. संगणकातील वहीचे तसे नाही. तेथे दहा जण दहा खोल्यांतून एकाच पानावर लिहू शकतात आणि कोणालाही कोणाचा धक्का लागत नाही. हा धक्का न लागणे हेच संकटाचे मूळ होय, असे आम्हांस आज सांगावयाचे आहे.

समजा, एका पतसंस्थेत एका सभासदाच्या खात्यावर ५,००० रुपये आहेत. दोन खिडक्यांवरील दोन कारकुनांनी ती शिल्लक एकाच क्षणी पाहिली. पहिल्याने १,००० रुपये जमा करून ६,००० लिहिले. दुसऱ्याने ५०० रुपये वजा करून, त्याने पाहिलेल्या आकड्यावरून, ४,५०० लिहिले. मागाहून लिहिलेले टिकले. शिल्लक हवी होती ५,५००. कोणी लबाडी केली नाही, कोणाचे गणित चुकले नाही. तरी सभासदाचे हजार रुपये गेले!

यावर उपाय कुलुपाचा. जो नोंद बदलणार, त्याने ती वाचण्यापूर्वीच कुलूप लावावे आणि काम संपल्यावर काढावे. अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार झाला. १९७६ साली ईश्वरन, ग्रे, लोरी आणि ट्रेगर या चौघांनी आपल्या निबंधात असा नियम मांडला की, एकदा कुलूप सोडावयास आरंभ केला म्हणजे त्या व्यवहाराने नवे कुलूप घेऊ नये. हा नियम सर्वांनी पाळला, तर व्यवहार एकमेकांत कितीही गुंतले तरी परिणाम ते एकापाठोपाठ एक झाल्यासारखाच होतो. यांपैकी जिम ग्रे यांना पुढे १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

पण कुलुपाची आज्ञा मानावयाची कोणी? लहान कचेऱ्यांतून मायक्रोसॉफ्टचा १९९२ साली निघालेला अ‍ॅक्सेस हा कार्यक्रम अजून वापरात आहे. त्याची फाइल सामायिक फोल्डरमध्ये असते आणि प्रत्येक संगणक नेटवर्कवरून थेट तिच्यात हात घालतो. कोण आत आहे, याची नोंद शेजारीच निर्माण होणाऱ्या एका छोट्या कुलूप-फाइलीत होते. म्हणजे ही व्यवस्था सर्वांच्या सहकार्यावर उभी आहे. लिहिता लिहिता एका संगणकाची तार निसटली, तर पान अर्धवट राहून सबंध फाइल बिघडू शकते. एसक्यूलाइट या प्रसिद्ध डेटाबेसचे कर्तेही सांगतात की, नेटवर्कवरील अनेक फाइल-व्यवस्थांत कुलुपेच नीट चालत नाहीत.

म्हणून काही पथ्ये पाळावी. नोंदींची फाइल एके ठिकाणी ठेवावी, पण पडद्यावरील अर्ज व अहवाल यांची प्रत ज्याच्या त्याच्या संगणकावर असावी. त्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार सर्व वापरणाऱ्यांस द्यावा, नाहीतर कुलूप-फाइलच तयार होत नाही. बिनतारी जोडणीवरून ही फाइल वापरू नये. इंटरनेटवरून आपोआप प्रती जुळविणाऱ्या फोल्डरमध्ये ती कदापि ठेवू नये. तेथे एका वहीच्या दोन वह्या होतात. आणि राखीव प्रत रोज, सर्वजण बाहेर पडल्यावर, काढावी.

मात्र काम वाढले, पैशाचा व्यवहार आला, म्हणजे पथ्यावर भागत नाही. मग सर्व्हर हवा. सर्व्हर म्हणजे जुन्या पेढीवरचा मुनीमच! गिऱ्हाइकाने चोपडीला हात लावावयाचा नाही. काय हवे ते सांगावयाचे, आणि लिहिणार मुनीम. गिऱ्हाइकाची तार मध्येच तुटली, तर अर्धा व्यवहार तो रद्द करतो. दोघे एकमेकांच्या कुलुपासाठी अडून बसले, तर एकाला तो परत पाठवितो. पोस्टग्रेएसक्यूएलसारखे असे सर्व्हर मोफतही मिळतात.

सामायिक विहिरीवर पोहरे अनेक असले तरी पाळी असतेच. सामायिक माहितीलाही ती हवी. आपला पैसा, आपले नाव, आपली जमीन आज अशाच वह्यांतून नांदत आहे. तेव्हा ज्या संस्थेचे आपण सभासद आहात, तिच्या वार्षिक सभेत एवढेच विचारावे: आमच्या वहीला हात किती, आणि मुनीम कोण? हा प्रश्न विचारण्यास संगणकाचे ज्ञान लागत नाही.