विजेची गाडी आणि घरचे मीटर

(खामगाव येथील कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संयोजकांनी मला विषय दिला तेव्हा मी त्यांना विचारले की, मोटारीवर बोलायला एखादा अभियंता का बोलावत नाही? मी कला शाखेचा पदवीधर, आयुष्य बातम्या लिहिण्यात गेलेले. त्यावर ते म्हणाले, "अभियंता गाडी कशी चालते ते सांगेल. तुम्ही ती घरात कशी वागते ते सांगा." म्हणून हे धाडस करीत आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी विजेवरची लहान मोटार आली. तिच्यामुळे काय सोसले, काय शिकलो आणि किती पैसे वाचले, एवढेच मला सांगायचे आहे.

विजेची मोटार ही कालपरवाची कल्पना नव्हे. १९००च्या सुमारास अमेरिकेतील रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारींपैकी सुमारे तिसरा हिस्सा विजेवर चालत असे. पेट्रोलची गाडी हँडल फिरवून सुरू करावी लागे, त्यात कित्येकांचे मनगट मोडे. १९१२मध्ये पेट्रोलच्या गाडीला विजेचा स्टार्टर बसला आणि विजेच्या गाडीचा बाजार उठू लागला. बॅटरीनेच बॅटरीच्या गाडीला हरवले, असा हा विनोद आहे. आपल्याकडे २००१मध्ये बंगळुरूची 'रेवा' आली, तेव्हा आम्ही वार्ताहर तिला खेळणे म्हणून हसलो होतो. पुढे जानेवारी २०२०मध्ये टाटांची 'नेक्सॉन' विजेवर आली आणि मध्यमवर्गीय घरांत हा विषय जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचला.

माझ्या मनात तो त्याही आधीपासून होता. १९९०मध्ये इराकने कुवेत गिळले तेव्हा मी बी.ए.ला होतो. कोण कुठला वाळवंटातला संघर्ष, आणि पेट्रोल महागले आमच्या खामगावात! देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आजही बाहेरून येते. त्यामुळे गाडी घेताना माझ्या मनात हिशेबाइतकीच ही जुनी सलही होती. मात्र अर्धे सत्य सांगून तुमच्या टाळ्या घ्यायच्या नाहीत. गाडीची मोटार, सांगाडा, चाके देशात तयार होत असली, तरी बॅटरीतील मूळ सेल अजून बहुतांशी चीनमधून येतात. फेब्रुवारी २०२३मध्ये जम्मूतील रियासी येथे ५९ लाख टन लिथियमच्या साठ्याचा अंदाज जाहीर झाला, तेव्हा आम्ही मोठे मथळे दिले. पुढे पुरेसे बोलीदार न मिळाल्याने मार्च २०२४मध्ये तो लिलाव रद्द करावा लागला. त्या बातमीला आतल्या पानावर एक स्तंभ मिळाला. विजेची गाडी घेतली म्हणजे परावलंबन संपले असे नाही. त्याचा एक भाग कमी होतो आणि दुसरा उरतो, एवढेच म्हणता येईल.

आता घरात येऊ. गाडी घ्यायचे ठरले ते आईमुळे. तिचे वय ८१. तिच्या डोळ्यांच्या उपचारासाठी अकोल्याला वारंवार जावे लागे. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, म्हणजे येऊन-जाऊन शंभर. गाडीची बॅटरी २४ युनिटांची. पूर्ण भरली की उन्हाळ्यात वातानुकूलन लावूनही १७०-१८० किलोमीटर जाते. कागदावर सारे चोख जमले. आईने मात्र गाडीला कुंकू लावताना विचारले, "बैल थकला त झाडाखाली सोडता येते, हिले कुठी सोडशीन बापा?" आम्ही हसलो. तिचा प्रश्न किती नेमका होता, हे पुढे कळले.

पहिली चूक माझी. गाडीसोबत चार्जर आला, त्याला तीन पिनांचा जाड प्लग. आमच्या ओसरीत इस्त्रीसाठी केलेला १५ अँपिअरचा बोर्ड होताच. त्यात प्लग खोचला आणि निश्चिंत झोपलो. नवव्या-दहाव्या रात्री जळका वास आला. उठून पाहतो तो बोर्डाचे प्लास्टिक वितळून काळे पडलेले, प्लग हाताला चटका देणारा. गाडीला काही झाले नाही. घरालाही झाले नाही, कारण मला झोप कमी लागते.

हे का घडले ते दुसऱ्या दिवशी वायरमनने समजावून सांगितले. इस्त्री, गीझर किंवा पाण्याची मोटर मोठा प्रवाह ओढते, पण पाच-दहा मिनिटे, फार तर अर्धा तास. गाडी तोच १३ ते १५ अँपिअरचा प्रवाह सलग आठ-नऊ तास ओढते. बोर्डातील पत्ती थोडी सैल असली, किंवा भिंतीतील तार बारीक असली, तर तेवढ्या वेळात ती तापत जाते. आमच्या ओसरीची तार दीड चौरस मिलिमीटरची होती, तीही वीस वर्षांपूर्वीची. मग मीटरपासून गाडीपर्यंत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार ओढली. तिला स्वतंत्र एमसीबी आणि गळती होताच वीज तोडणारे आरसीसीबी बसवले, आणि सॉकेट औद्योगिक प्रकारचे घेतले. हा सारा खर्च गाडीच्या किमतीपुढे किरकोळ असतो. तो वाचवू नका. मला जर कोणी विचारले की गाडी आधी की वायरिंग आधी, तर मी वायरिंग आधी म्हणेन.

अर्थिंगची गोष्ट तर खास आपल्या मातीची आहे. या गाड्यांचा चार्जर अर्थिंग तपासतो, ते नीट नसेल तर वीज घेतच नाही. पावसाळ्यात, हिवाळ्यात आमचे काम सुरळीत चालले. एप्रिलच्या अखेरीस चार्जरवर लाल दिवा लागला. सर्व्हिस सेंटरला फोन, मुलाला पुण्याला फोन, सगळे झाले. शेवटी पुन्हा तोच वायरमन आला. त्याने अंगणाच्या कोपऱ्यातला अर्थिंगचा खड्डा पाहिला, भेगाळलेली काळी माती पाहिली आणि म्हणाला, "काका, दोन बादल्या पाणी ओता." ओतले. वीस मिनिटांनी गाडी गुमान वीज घेऊ लागली. ओलाव्याशिवाय माती वीज वाहून नेत नाही, हे शाळेत शिकलो होतो, पण उपयोग साठीला टेकताना झाला. आता उन्हाळ्यात तुळशीला पाणी घालताना सौभाग्यवती त्या खड्ड्यालाही घालते.

आणि मग जूनची ती रात्र. आईच्या शस्त्रक्रियेसाठी सकाळी आठ वाजता अकोल्यात हजर राहायचे होते. आदल्या दिवशी मी मेहकरला जाऊन आलो होतो, बॅटरीत २२ टक्के उरले होते. रात्री दहाला प्लग लावला, साडेदहाला वादळ आले आणि लाईन गेली. आमच्या भागातल्या डीपीवर झाड पडले होते. एक वाजला, तीन वाजले, अंधार तसाच. आई जागी होती. ती काही बोलली नाही, याचेच मला अधिक वाटले. पहाटे पाचला शेजाऱ्यांचे दार वाजवले. हे तेच शेजारी, ज्यांना मी महिनाभर पेट्रोलच्या खर्चावरून टोमणे मारले होते. ते दोन मिनिटांत किल्ली घेऊन बाहेर आले आणि स्वतः गाडी चालवत आम्हाला घेऊन गेले. वाटेत बाळापूरपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "पेट्रोल मी कालच भरलं होतं." शस्त्रक्रिया झाली, आईला दिसू लागले. तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा की, बॅटरी निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नाही, आणि आकाश भरून आले की दुपारीच प्लग लावायचा. बुलढाणा जिल्ह्यात वीज पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे, २००५-०६च्या भारनियमनाचे दिवस आता मुलांना सांगूनही खरे वाटत नाहीत. पण वळवाच्या पावसाला ते कोण सांगणार?

कोणी म्हणेल, छतावर सौर पॅनल असते तर ही वेळ आली नसती. पॅनल आमच्याकडे होते! हा गैरसमज फार पसरला आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. महावितरणच्या जाळ्याला जोडलेली नेहमीची सौर यंत्रणा लाईन गेली की स्वतःही बंद होते, भर उन्हातसुद्धा. तशी ती केलेलीच असते. नाही तर खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या छतावरची वीज धक्का देईल. लाईन नसताना वीज हवी असेल तर वेगळी साठवण बॅटरी लागते, आणि ती महाग असते.

तरीही पॅनल बसवाच, असे मी सांगेन. कारण आहे विजेचे बिल. घरच्या आवारात स्वतःची गाडी भरली तर त्या जागेचाच दर लागतो, म्हणजे घरगुती. आता घरगुती दराचे टप्पे पाहा. पहिल्या शंभर युनिटांचा दर एक, शंभर ते तीनशेचा त्याच्या जवळपास दुप्पट, आणि तीनशे, पाचशे ओलांडले की आणखी चढा. गाडीचे युनिट नेहमी वरच्या टप्प्यात पडतात, कारण खालचा टप्पा पंखे आणि फ्रीज आधीच खाऊन बसलेले असतात. मला जादाचा युनिट सारे आकार धरून बारा-तेरा रुपयांना पडला. महिन्याला हजार किलोमीटर धावलो तर गळती धरून दीडशे युनिट, म्हणजे साधारण १,९०० रुपये. त्याच अंतराला पेट्रोल साठ लिटर. लिटरला १०५ रुपये धरू, ६,३०० होतात. फरक ४,४००. विक्रेते जो "किलोमीटरला एक रुपया" सांगतात, तो आम्हाला दोनच्या जवळ पडला.

पॅनल बसल्यावर चित्र पालटले. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. एवढा संच आपल्याकडच्या उन्हात दिवसाला सरासरी दहा-बारा युनिट देतो. दिवसा तयार झालेले युनिट नेट मीटरमधून महावितरणकडे जमा होतात आणि रात्रीच्या वापरातून वजा होतात. मे महिन्यात ज्या उन्हाला आपण शिव्या देतो, तेच ऊन आमची अकोल्याची फेरी करून आणते. नुसत्या महावितरणच्या विजेवर गाडी भरली तरी ती वीज पारसच्या कोळशाचीच ना, असे मित्र विचारतात. बरीचशी होय. परंतु पेट्रोलच्या इंजिनात इंधनाच्या उष्णतेचा जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो, विजेच्या मोटारीत दिलेल्या विजेचा बहुतेक भाग पोहोचतो. शिवाय धूर आपल्या नातवाच्या नाकासमोर निघत नाही.

एक सुख मात्र हिशेबात येत नाही, ते घाटात कळते. मोताळ्याकडून राजूर घाट चढताना बॅटरीचे आकडे भराभर उतरतात आणि जीव धास्तावतो. परतताना उतारावर पाय उचलला की मोटारच जनित्र बनते आणि गेलेल्यातले काही टक्के परत येतात. ज्ञानगंगेच्या जंगलातून बोथ्याच्या रस्त्याने जाताना गाडीचा आवाज नसतो, पाखरे ऐकू येतात. याच अभयारण्यात २०१९मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक तरुण वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालत आला होता. पल्ल्याच्या गोष्टी करताना मला नेहमी तो आठवतो.

आता कोणी घ्यावी आणि कोणी घेऊ नये, हे स्पष्ट बोलतो. पेट्रोलच्या तशाच गाडीपेक्षा समजा अडीच लाख जास्त मोजले, तर महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्याचे ते सुमारे पाच वर्षांत वसूल होतात. पॅनल असेल तर लवकर. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या आठ वर्षांची देतात, म्हणजे हिशेब बसतो. परंतु महिन्याला तीनशे किलोमीटर फिरणाऱ्याला तेच पैसे वसूल व्हायला सोळा-सतरा वर्षे लागतील. लग्नाला, यात्रेला आणि दिवाळीत माहेरी, एवढ्यासाठीच गाडी हवी असेल, तर त्याने विजेची घेऊ नये. सप्टेंबर २०२५पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांवर तो २०१९पासून ५ टक्केच आहे, त्यामुळे किमतीतले अंतर वाढले आहे. ज्याच्या घरी स्वतःची उभी करायची जागा नाही, त्यानेही थांबावे. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तार सोडून गाडी भरणारे एक गृहस्थ मी पाहिले आहेत. खालून मुले सायकली नेत होती.

राज्याच्या २०२५च्या धोरणात समृद्धी महामार्गावर विजेच्या चारचाकींना टोलमाफी जाहीर झाली आहे. मेहकर, सिंदखेडराजाकडच्या मंडळींना ती उपयोगी पडेल. निघण्यापूर्वी फास्टॅगची नोंद तेवढी तपासून घ्या.

माझी वेळ संपली आहे. प्रश्न असतील तर विचारा. किमतीचे आणि बिलाचे मला विचारा. तारांचे आणि अर्थिंगचे विचारायचे असतील तर आमचा वायरमन तिसऱ्या रांगेत बसला आहे, त्याला मी मुद्दाम सोबत आणले आहे.