अभ्यंगाचे तेल
(वार्षिक संमेलनातील भाषण)



तान्ह्या बाळास कोणते तेल लावावे, याचा निर्णय घरोघरी रूढीनेच होतो. कोकणात खोबरेल, देशावर तिळाचे तेल, टाचांच्या भेगांस भिरंडेल, ही आपली परंपरा. तीत पुष्कळ तथ्य आहे. खोबरेल कोवळ्या त्वचेतील ओलावा टिकविते. सुमारे २४ अंशांखाली ते थिजते, तो त्याचा स्वभाव होय, दोष नव्हे.

मोहरीचे तेल मात्र नवजात अर्भकास लावू नये. त्याने त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे होते. शिवाय त्यात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ होण्याचे भय असते. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीने अनेकांचे प्राण गेले. ऑलिव्हचे तेल महाग, म्हणून उत्तम, असेही समजू नये. तेही हे आवरण दुबळे करू शकते.

तेल ताजे असावे, खवट नसावे. प्रथम हातावर थोडे लावून एक दिवस पाहावे. कानानाकांत ते मुळीच घालू नये.

वडीलधाऱ्या स्त्रियांच्या अनुभवी हातांविषयी आपणां सर्वांस आदर आहेच. परंतु बाळाच्या अंगावर पुरळ दिसून सून ‘हे तेल नको’ म्हणाली, तर तो तिचा उद्धटपणा न मानता तेल थांबवावे व वैद्यकीय सल्ला घ्यावा, एवढीच माझी नम्र विनंती आहे.