नगरची पोटनिवडणूक आणि सभेतला शब्द
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आपल्या नगर जिल्ह्यात १९९४ साली लोकसभेची पोटनिवडणूक झाली. खासदार वारला नव्हता, त्याने राजीनामाही दिला नव्हता. निवडणूक लागली ती सभेत बोललेल्या शब्दापायी.

१९९१ साली काँग्रेसचे यशवंतराव गडाख निवडून आले, अपक्ष बाळासाहेब विखे पाटील पडले. दोघेही साखर कारखानदारीतले मातब्बर. विखे पाटील हायकोर्टात गेले. प्रचारात आपल्या चारित्र्याबद्दल खोटे बोलले गेले, ही त्यांची तक्रार. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, याच्या कलम १२३(४) प्रमाणे हा भ्रष्टाचार ठरतो. हायकोर्टाने निवड रद्द केली. नोव्हेंबर १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केले. शरद पवारांवरचा ठपका मात्र काढून टाकला. मोठ्या पुढाऱ्यांनी बोलण्याची चांगली रीत घालून द्यावी, म्हणजे ती खालपर्यंत झिरपेल, असेही कोर्टाने सुनावले. पोटनिवडणुकीत काँग्रेसचे मारुती शेळके निवडून आले.

आता आपण आपला हिशेब मांडू. असा खटला सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. इथे दोन वर्षांहून अधिक काळ गेला. तरी पुढाऱ्याने पुढाऱ्याबद्दल काढलेल्या शब्दाला दाद मिळाली. पण त्याच पुढाऱ्याने पाथर्डी-शेवगावच्या कापूसवाल्याला, जामखेड-कर्जतच्या ज्वारीवाल्याला दिलेल्या शब्दाचे काय? भाव देऊ, पाणी आणू म्हणाला आणि विसरला, तर कोणत्या कलमाखाली जायचे? जाहीरनाम्यातले आश्वासन हा भ्रष्टाचार होत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टानेच जुलै २०१३ मध्ये दिला आहे.

म्हणजे पुढाऱ्याची अब्रू कोर्ट राखील. कोरडवाहूचा भाव राखायला कोर्ट येणार नाही. ते काम आपलेच.

कापूस घातला की आपण वजनाची पट्टी मागून घेतो. सभेतल्या शब्दाचीही पट्टी ठेवा. गावोगाव एक वही घाला. कोण, कोणत्या तारखेला, कापसाबद्दल, ज्वारीबद्दल, पाण्याबद्दल काय बोलला, ते लिहा. खाली चार जणांच्या सह्या घ्या. पाच वर्षांनी तो पुन्हा पारावर आला, की भाषणाआधी वही वाचून दाखवा. एकमेकांची उणीदुणी काढायला लागला, तर सांगा, "ते कोर्टात बोला, इथे भावाचे बोला."